इंजिनिअर झालेल्या मुली कारखान्यात का टिकत नाहीत? जालन्याच्या उदाहरणातून समजून घ्या

जुलै 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने मुलींच्या उच्च शिक्षणाबद्दल एक मोठा निर्णय घेतला. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, वर्षाला 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात मुलींसाठी 30 टक्के जागा तर आधीपासूनच राखीव आहेत.

म्हणजे कॉलेजचं दार उघडलंय. पण डिग्री हातात आल्यावर पुढे काय? कारखान्यात लागलेली मुलगी पाच वर्षांनी तिथेच असते का? नसेल, तर कारण तिच्यात आहे की कारखान्यात?

जालना जिल्हा या प्रश्नासाठी चांगलं उदाहरण आहे.

जालनाच का?

जालन्याची ओळख दोन गोष्टींची, बियाणं आणि स्टील. इथल्या एमआयडीसीत भंगार वितळवून बिलेट आणि त्यापासून बांधकामाच्या टीएमटी सळ्या बनतात. जवळच सिरसवाडीला मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचं मराठवाडा कॅम्पस 2018 मध्ये सुरू झालं. शहरात शासकीय तंत्रनिकेतनही आहे. तासाभराच्या अंतरावर शेंद्रा-बिडकीनचा औद्योगिक पट्टा आहे. थोडक्यात, शिकवणाऱ्या संस्था आणि नोकरी देणारे कारखाने दोन्ही जवळ आहेत.

पण स्टीलचं काम कठीण असतं. भट्टीत दीड हजार अंश सेल्सिअसच्या वर तापलेला धातू असतो. एक हीट संपली की दुसरी लागते, त्यामुळे काम चोवीस तास शिफ्टमध्ये चालतं.

रात्रपाळीचा आणि वीजबिलाचा काय संबंध?

इंडक्शन फर्नेस विजेवर चालते आणि वीज हा या धंद्यातला मोठा खर्च आहे. राज्यात अनेक वर्षं रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उद्योगांना विजेच्या दरात सवलत होती. साहजिकच जास्तीत जास्त धातू रात्री वितळवणं परवडायचं.

दुसरीकडे, 1948 च्या कारखाने कायद्याने महिलांना संध्याकाळी 7 ते सकाळी 6 या वेळेत कारखान्यात काम करायला मनाई केली होती. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा की ज्या वेळी खरं उत्पादन चालतं, त्या वेळी महिला इंजिनिअर तिथे नाही. मग तिची जागा कुठे? क्वालिटी लॅब, डिझाइन, नाहीतर ऑफिस. ही कामं महत्त्वाचीच आहेत. पण प्रॉडक्शन मॅनेजर किंवा प्लांट हेड होण्याचा रस्ता शॉप फ्लोअरवरून जातो. तो अनुभवच नसेल तर प्रमोशनच्या वेळी नाव मागे पडतं, आणि नियम मोडला असं कुणालाच म्हणता येत नाही.

आता दोन्ही बाजू बदलतायत. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनुसार महिला सर्व प्रकारच्या कामांत आणि रात्रपाळीतही काम करू शकतात. अट अशी की त्यांची संमती हवी आणि सुरक्षेची सोय हवी. सौरऊर्जा वाढल्यामुळे केंद्राचं धोरणही दिवसाची वीज स्वस्त ठेवण्याकडे झुकलंय.

पण कायद्याने परवानगी दिली म्हणून रात्री 11 ला शिफ्ट सुटल्यावर अंबडला किंवा बदनापूरला पोहोचता येतं असं नाही. त्यासाठी कंपनीची गाडी लागते.

समान वागणूक आणि न्याय्य वागणूक यात फरक काय?

"आमच्याकडे सगळ्यांना एकच नियम" हे वाक्य ऐकायला चांगलं वाटतं. पण सगळ्यांना एकाच मापाचे सेफ्टी शूज दिले तर ज्याच्या पायात ते बसत नाहीत तो घसरणार. सैल हातमोजे आणि डोक्यावर हलणारं हेल्मेट भट्टीजवळ धोकादायक असतं. ऑगस्ट 2024 मध्ये जालन्याच्या एका स्टील कारखान्यात भट्टीचा स्फोट होऊन वीसच्या वर कामगार जखमी झाले होते. अशा ठिकाणी योग्य मापाची साधनं ही चैन नाही.

पाळणाघराचं उदाहरण आणखी बोलकं आहे. जुन्या कारखाने कायद्यात पाळणाघर कधी सक्तीचं? 30 पेक्षा जास्त महिला कामगार असतील तेव्हा. म्हणजे खर्च टाळायचा तर मालकाने 30 व्या बाईनंतर भरती थांबवायची! 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि हिशेब बदलला. आता एकूण 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर हवं. त्यात महिला किती हे मोजायचं नाही. त्याच दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठीची पगारी रजा 26 आठवडे झाली.

हा प्रश्न फक्त महिलांचाही नाही. एकाच मशिनवर एक जण कायम आणि दुसरा कंत्राटी असतो. मीटिंग इंग्रजीत चालते आणि परतूर-मंठ्याकडून आलेला डिप्लोमाधारक गप्प बसतो. त्याला मशिनचा आवाज ऐकून बिघाड कळतो, पण त्याला कुणी विचारत नाही. वर्षभर असं चाललं की माणूस कामावर येतो, पण मन लावत नाही. त्यानंतर पुण्याची पहिली ऑफर आली की जातो.

मुली घरच्या जबाबदारीमुळे सोडतात ना?

काही जणी सोडतात. पण हे अर्धंच उत्तर आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये इंजिनिअरिंग शिकलेल्या 3,700 हून जास्त महिलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंजिनिअरिंगमध्ये टिकलेल्या आणि सोडून गेलेल्या महिलांच्या आत्मविश्वासात किंवा आवडीत विशेष फरक नव्हता. फरक कामाच्या जागेत होता. टिकलेल्या महिलांना साथ देणारे वरिष्ठ आणि सहकारी, प्रशिक्षण आणि बढतीचा स्पष्ट रस्ता मिळाला होता.

महाराष्ट्रातही याची साक्ष आहे. 1974 मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधा मूर्ती यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि त्या टेल्कोच्या पुणे कारखान्यात पहिल्या महिला इंजिनिअर झाल्या. 2022 मध्ये त्याच समूहाच्या पुण्यातल्या कारखान्यात हॅरियर आणि सफारी गाड्यांची एक अख्खी असेंब्ली लाइन सुमारे 1,500 महिला चालवत होत्या. मधल्या काळात बायकांची ताकद वाढली नाही. बदलली ती कंपनीची भरती, प्रशिक्षण आणि सोयी.

कंपनीला यात काय फायदा?

अनुभवी इंजिनिअर गेला की त्याच्यासोबत कुठलं भंगार टाकल्यावर सल्फर वाढतं, कुठला बेअरिंग आधी गरम होतो, हे ज्ञानही जातं. नवा माणूस ते शिकेपर्यंत माल रिजेक्ट होतो. त्यामानाने एक गाडी आणि एक स्वच्छ टॉयलेट स्वस्त पडतं.

नोकरी स्वीकारण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

1. पहिल्या वर्षात मला शॉप फ्लोअरवर काम मिळेल का?
2. रात्रपाळी असेल तर घरापर्यंत गाडी आहे का?
3. प्लांटमध्येच महिलांसाठी टॉयलेट आहे, की ऑफिसच्या इमारतीत जावं लागतं?
4. ट्रेनी ते कायम होण्याचे निकष लेखी मिळतील का?
5. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आहे का? 10 किंवा जास्त कर्मचारी असतील तर 2013 च्या कायद्याने ती सक्तीची आहे. त्याहून लहान ठिकाणी काम करत असाल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार साधारणपणे 3 महिन्यांच्या आत करायची असते.

हे प्रश्न मुलग्यांनीही विचारायला हरकत नाही. चांगल्या कंपनीकडे त्यांची उत्तरं तयार असतात.