ताकाला नरमणारी तार

"अगं पोरी, तोंडाला कुंपण कशाला घातलंय? आत काय भाताचं खाचर हाय व्हय?"

राजगडाच्या पायथ्याशी, आमच्या घराच्या ओट्यावर, माझी भाची आजीकडे बघून हसली तेव्हा आजीने पहिलं हे विचारलं. भाची भोरला राहते, सातवीत आहे. आदल्याच दिवशी भोर-स्वारगेट एसटीने पुण्याला जाऊन दातांना तारा बसवून आली होती. तार लावताना दुखलं नाही म्हणून ऐटीत होती. आजीने तव्यावरची नाचणीची भाकरी पुढे केली, हिने घास तोडला आणि डोळ्यांत पाणी! तारेचं दुखणं असंच उधारीचं असतं. त्या दिवशी नाही, साधारण दुसऱ्या दिवशी ते जोरात येतं आणि चार-पाच दिवसांत ओसरतं.

पण मुळात हाडात बसलेला दात सरकतो कसा? हे मला आजीनेच विचारलं.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचं मूळ आणि हाड यांच्या मधे बारीक धाग्यांची एक गादी असते. तिची जाडी जेमतेम ०.२ मिलिमीटर, म्हणजे वहीची दोन पानं एकावर एक ठेवली तर होते तेवढी. तारेने दात रेटला की एका बाजूची गादी दबते, दुसऱ्या बाजूची ताणली जाते. दबलेल्या बाजूला हाड खाणाऱ्या पेशी गोळा होतात आणि हाड पोखरायला लागतात. ताणलेल्या बाजूला हाड बांधणाऱ्या पेशी येतात आणि मागे पडलेली फट भरत जातात. दात पुढे, हाड त्याच्या मागोमाग. तेही महिन्याला फार तर १ मिलिमीटर.

"म्हंजी बांध कोरायचा," आजी म्हणाली. "आपला शेजारी कोरतो तसा. रोज थोडाथोडा, कुनाच्या ध्यानात येत न्हाय."

मला याहून चांगली उपमा सुचलेली नाही. फरक एवढाच की इथे पलीकडे दुसरा कुणी नवा बांध घालूनही देतो. आणि दुखतं ते त्या दबलेल्या, सुजलेल्या गादीमुळे. भाकरीचा घास चावला की तिच्यावर आणखी दाब येतो.

मग आजीने भाकरी बाजूला ठेवून मऊ भात टाकला. भोर-वेल्ह्यात भात म्हणजे बहुतेक घरी इंद्रायणी. हे वाण आंबेमोहोरापासून तयार केलेलं. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून ते १९८७ साली बाहेर पडलं आणि आमच्याकडच्या खाचरांत रुजलं. तांदळाच्या पिठात दोन प्रकारचे रेणू असतात, सरळ लांब आणि फांद्या फुटलेले. सरळ रेणू कमी असले की भात चिकट, गुरगुट्या होतो. त्यावर तूप आणि मेतकूट. चावायचं कामच नाही.

मात्र या चिकटपणाची एक खोडी आहे. राजगडावर चोर दरवाजातून वर चढतात ना, तशी शितं तारेच्या मागून आत शिरतात आणि दडून बसतात. तुम्ही म्हणाल, भातात कुठे साखर असते? बिनमिठाचा एक घास एक-दोन मिनिटं नुसता चावत राहा. हळूहळू गोड लागेल. लाळेने पिठाची साखर केली! तीच साखर तोंडातले जंतू खातात आणि आम्ल सोडतात. दातावरचं कवच, इनॅमल, हाडापेक्षाही कठीण, पण आम्लापुढे त्याचं काही चालत नाही. तारा काढल्यावर काहींच्या दातांवर पांढुरके डाग दिसतात, मधे तार धरणाऱ्या क्लिपच्या आकाराची स्वच्छ जागा. डागांच्या जागी रोज शितं दडत होती, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून जेवल्यावर खळखळून चूळ आणि ब्रश. बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू वाटावं असा एक चिमुकला ब्रशही मिळतो, तो तारेखालून फिरतो.

भातानंतर भाचीने माठालगत ठेवलेलं गार ताक प्यायलं आणि ओरडली, "मामा, ताक प्यायलं की तार सैल होते!"

मला आधी वाटलं, मनाचे खेळ. पण पोरगी बरोबर होती. सुरुवातीला लावतात ती तार बहुधा निकेल आणि टायटॅनियम या धातूंची असते आणि तिचा स्वभाव भलताच आहे. १९६१ साली अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत एका बैठकीत या मिश्रधातूची, हातपंख्यासारख्या घड्या घातलेली पट्टी हातोहात फिरत होती. सगळे ती वाकवून बघत होते. एकाने गंमत म्हणून खालून लायटर धरला, तर घड्या उलगडून पट्टी आपोआप ताठ! धातूला आपला जुना आकार आठवला होता. पुढे सत्तरच्या दशकात जॉर्ज अँड्रियासन या दंततज्ज्ञांनी ही तार दातांसाठी वापरली. वाकड्या दातांवरून वाकवून बसवलेली तार स्वतःच्या कमानीत परतायला बघते आणि दातांना ओढून नेते. यातल्या काही तारा तोंडाच्या उबेला जोर धरतात. गार काही लागलं की आतल्या अणूंची मांडणी बदलून तार नरम पडते, थोडा वेळ दाब कमी होतो. गरम चहा घेतला की उलटं. थोडक्यात, दुखऱ्या दिवशी आजीचं ताक हे औषधच.

कोपऱ्यात उसाची मोळी होती. भाचीची नजर तिकडे गेली, मी मान हलवली. क्लिपा दाताला फक्त चिकटवलेल्या असतात. पुढे काढता याव्यात म्हणून डिंकही बेताचाच. ऊस सोलायला गेलं की सालाबरोबर क्लिपही हातात येणार आणि पुन्हा पुण्याची एसटी. चिक्कीलाही सुट्टी. बाकी आजीने सगळ्यावर तोड काढली. पेरूच्या पातळ फोडी, कणसाचे दाणे सोलून वाफवलेले, शेंगदाण्यांऐवजी कूट. चार दिवसांनी भाकरी परत आली, पावट्याच्या आमटीत कुस्करून. घास दाढांकडे सरकवायचा, पुढचे दात मोकळे.

त्याच आमटीने घोटाळा केला. क्लिपांवर तार धरून ठेवायला चिमुकली रबरं असतात. भाचीने मोठ्या हौशीने पारदर्शक घेतली होती, दोन दिवसांत पिवळीधम्मक! हळदीतला रंग तेलात सहज विरघळतो आणि फोडणीच्या तेलाबरोबर रबरात मुरतो. घासून जात नाही. घरी करून बघा: पांढऱ्या सुती कापडाचे दोन तुकडे हळदीच्या पाण्यात बुडवा, एक उन्हात वाळत घाला, एक कपाटात. दोन-तीन दिवसांनी उन्हातला फिका दिसेल, ऊन हा रंग मोडतं. पण रबरांसाठी दात विचकून अंगणात कोण बसणार? ती दर महिन्याला बदलतात, एवढाच दिलासा.

"पुढच्या टायमाला कुठली घेऊ?" भाचीने विचारलं.

आजी ताक घुसळता घुसळता म्हणाली, "पिवळीच घे की."