समुद्राचं तळं झालं तेव्हा

सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यावर एराक्लेआ मिनोआ इथं समुद्राकाठी एक पांढराशुभ्र कडा उभा आहे. कड्याच्या तळाशी मळकट, वाळूमिश्रित थर आहे आणि त्यावर चुनखडीयुक्त चिकणमातीचे पांढरे थर चढत गेले आहेत. दोन्हींमधली सीमा सुमारे ५३ लाख वर्षांपूर्वीची आहे. भूवैज्ञानिक प्लायोसीन काळाची सुरुवात इथूनच मोजतात. या सीमेखाली निमखाऱ्या तळ्याचा गाळ आहे आणि वर खोल समुद्राचा. हा फरक कळतो तो ऑस्ट्राकॉड नावाच्या जिवांच्या कवचांवरून.

ऑस्ट्राकॉड म्हणजे कोळंबी-खेकड्यांचे चिमुकले भाऊबंद. बहुतेकांचा आकार खसखशीच्या दाण्याएवढा, आणि सगळं अंग चुन्याच्या दोन झडपांमध्ये मिटलेलं. मोठं होताना हा जीव साधारण आठ वेळा जुनं कवच टाकून नवं घडवतो. त्यामुळे एखाद्या थरात लहानापासून मोठ्यापर्यंत सगळ्या मापांची कवचं सापडली, तर ती पिढी तिथंच वाढली असं मानता येतं. एकाच मापाची सापडली, तर बहुधा प्रवाहानं ती दुसरीकडून आणून टाकलेली असतात. गाळ भिजवायचा, बारीक चाळणीवर धुवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक कवच उचलायचं, असं हे काम आहे.

ऑस्ट्राकॉडांमधला सायप्रिडीस हा प्रकार विलक्षण आहे. जवळजवळ गोड्या पाण्यापासून समुद्राहून खारट पाण्यापर्यंत कुठंही तो तग धरतो, पण पाण्याचा खारटपणा त्याच्या कवचावर उमटतो. पाणी फार कमी खारं असेल तर कवचावर पोकळ गाठी उठतात. कवचावरची चाळणीसारखी छिद्रं कमी खाऱ्या पाण्यात गोलसर असतात आणि खारटपणा वाढला की वेडीवाकडी होत जातात. लाखो वर्षांपूर्वीच्या पाण्याची चव एका छिद्राच्या आकारात टिकून राहावी, याचं नवल मला कधीच ओसरत नाही.

१९७० साली ‘ग्लोमार चॅलेंजर’ या जहाजानं भूमध्य समुद्राचा तळ खोदला, तेव्हा जिप्सम आणि मीठ हाती लागलं. केनेथ स्यू आणि विल्यम रायन या मोहिमेचे प्रमुख होते. म्हणजे त्या सीमेच्या आधीच्या काळात या समुद्राची अटलांटिकशी असलेली वाट आक्रसली होती आणि पाण्याची वाफ होत राहिली होती. काही ठिकाणी मिठाचे थर एक किलोमीटरहून जाड आहेत. त्या काळाच्या अखेरीच्या थरांत मात्र निमखाऱ्या पाण्यातले ऑस्ट्राकॉड आहेत, सायप्रिडीससुद्धा. त्यांतल्या कित्येकांचे नातलग काळा समुद्र आणि कास्पियनच्या बाजूला राहणारे होते.

आणि सीमेच्या वर, पांढऱ्या थरांत? तिथं खोल, थंड महासागरातले आंधळे ऑस्ट्राकॉड आहेत. उजेडात राहणाऱ्या अनेक जातींच्या कवचावर डोळ्याच्या जागी बारीकसा उंचवटा असतो. यांच्या कवचावर तो नाही. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या रिचर्ड बेन्सन यांनी यांच्याकडे लक्ष वेधलं. आज भूमध्य समुद्राच्या तळाशीही पाणी सुमारे १३ अंश सेल्सिअस असतं. जिब्राल्टरजवळचा उंबरठा जेमतेम ३०० मीटर खोल असल्यानं महासागराचं खोल, थंड पाणी आत येऊच शकत नाही. म्हणजे तेव्हा ते दार आजच्यापेक्षा बरंच खोल असलं पाहिजे, असा बेन्सन यांचा निष्कर्ष होता. नुसत्या कवचांवरून सामुद्रधुनीच्या खोलीपर्यंत पोचणारा हा तर्क मला या सगळ्या कथेत सर्वांत देखणा वाटतो.

वाद मात्र मिटलेला नाही. काळ्या समुद्राकडचे ते जीव भूमध्यात आले कसे? काहींच्या मते पक्ष्यांच्या पायांना चिकटून; तसं असेल तर कोरड्या खोऱ्यात विखुरलेली तळी असू शकतात. काहींच्या मते तिकडचं पाणीच ओसंडून आलं. मग भूमध्य समुद्र हे एकच अवाढव्य तळं ठरतं. म्हणून आता संशोधक त्याच कवचांमधल्या स्ट्रॉन्शियमची समस्थानिकं मोजतात आणि पाणी महासागराचं होतं की नद्यांचं, याचा माग काढतात.