हातोहाती चाललेली धाव

वाशिम जिल्ह्यातील शेलूबाजार हे रस्त्यांच्या आधाराने वाढलेले गाव. नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा जुना महामार्ग आणि अकोल्याहून मंगरूळपीरकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांस छेदतात. जुन्या महामार्गाने पश्चिमेस निघाले, की मालेगाव व मेहकर ओलांडून राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेडराजा लागते. अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक. एकट्या सामान्य माणसाने ते धावून काटणे फार कठीण. परंतु दहा मित्रांनी वाटून घेतले, तर ते एका दिवसाचे काम ठरते.

महाराष्ट्रास अशी धाव नवी नाही. शिवजयंतीच्या सुमारास रायगड, शिवनेरी, सिंहगड, पन्हाळा अशा गडांवरून तरुण मंडळी शिवज्योत आपापल्या गावी नेतात. नवरात्रात तुळजापूर, माहूर येथून ज्योत आणली जाते. मशाल एकाच्या हाती, बाकीचे मागून येणाऱ्या टेम्पोत. एक दमला की दुसरा खाली उतरतो. तेथे क्रमांक नसतो, पारितोषिक नसते. ज्योत विझू नये आणि ठरल्या वेळी गावच्या वेशीवर पोहोचावी, एवढीच अट. आणि ती सर्वांना सारखीच बांधून ठेवते.

जपानने याच कल्पनेस शर्यतीचे रूप दिले. १९१७ साली क्योटो ते टोकियो अशी सुमारे ५०० किलोमीटरांची धाव अनेक टप्प्यांत घेण्यात आली. जुन्या राजमार्गावर ठरावीक चौक्यांवर घोडे व निरोपे बदलत. त्या व्यवस्थेवरून या प्रकारास ‘एकिदेन’ हे नाव मिळाले. १९२० साली विद्यापीठांच्या संघांसाठी टोकियो ते हाकोने ही शर्यत सुरू झाली. दरवर्षी २ व ३ जानेवारीस दहा धावक मिळून दोनशेहून अधिक किलोमीटर जाऊन-येऊन पुरे करतात. त्यांच्या हाती दांडी नसते. खांद्यावरून तिरकी घेतलेली कापडी पट्टी असते. एखादा संघ ठरलेल्या मर्यादेपेक्षा मागे पडला, तर पुढच्या धावकास वाट पाहू दिली जात नाही. त्यास आयोजकांची वेगळी पट्टी घालून सोडले जाते. मागचा धावक धापा टाकीत चौकीवर पोहोचतो, तेव्हा आपल्या संघाची पट्टी घेण्यास समोर कोणी नसते. शर्यत हरण्यापेक्षा हे दुःख तेथील धावकांना मोठे वाटते.

अशी धाव प्रथम कागदावर उतरवावी लागते. १२० किलोमीटर अंतर आणि दहा मित्र धरले, तर प्रत्येकाच्या वाट्याला १२ किलोमीटर येतात. ते ४ किलोमीटरांच्या तीन पाळ्यांत विभागले आणि किलोमीटरास ६ मिनिटे धरली, तर एक पाळी २४ मिनिटांची होते. नंतर नऊ जणांच्या पाळ्या संपेपर्यंत ३ तास ३६ मिनिटे विसावा. हा विसावाच फसवा असतो. अंग थंड पडते, पोटऱ्या आखडतात आणि दुसऱ्या पाळीस उभे राहणे पहिलीपेक्षा कठीण जाते. पहिल्याच पाळीत ईर्ष्येने सर्व बळ खर्च करणारा तिसऱ्या पाळीत संघावर भार होतो.

सारी धाव १२ तासांची. पहाटे ५ वाजता निघालेला संघ सायंकाळी ५ वाजता पोहोचतो. म्हणजे सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम पाळणाऱ्या मित्रासही त्यात सहज सामील होता येते. मात्र पोटभर जेवण धावेनंतरच. मधल्या वेळात थोडे पण वारंवार खावे, उकळून गार केलेले पाणी सोबत ठेवावे आणि उन्हाळा टाळावा. समृद्धी महामार्गावर पायी जाण्यास मनाई असल्याने जुना रस्ताच धरावा लागतो. तेथे उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे धावावे. पहाटेच्या अंधारात चमकणारी पट्टी अंगावर असावी.

संघातील सर्वजण सारख्या वेगाचे नसतात. जाणता संघनायक चढाचा टप्पा दमदार मित्रास देतो आणि हळू धावणाऱ्यास सपाट वाट देतो. संघाची वेळ ही सर्वांच्या वेळांची बेरीज असल्याने मंद मित्रास हिणवून काही साधत नाही. त्याची पाच मिनिटे वाचवणे हेही सर्वांचेच काम असते.

तरीही खरी कसोटी हस्तांतराची. मैदानावरील चार गुणिले शंभर मीटर शर्यतीत दांडी देण्यासाठी ३० मीटरांची पट्टी आखलेली असते. घेणारा दांडी मिळण्यापूर्वीच धावू लागतो. देणारा ती दुसऱ्याच्या मुठीत घट्ट बसेपर्यंत वेग कमी करीत नाही. काही पावले दोघे मिळून धावतात. त्या पट्टीबाहेर दिलेली दांडी नियमबाह्य ठरते आणि सारा संघ बाद होतो.

व्यापारी घराण्यांस या नियमाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. अनेक दुकानांत सत्तरीचे वडील गल्ल्याची किल्ली कमरेला ठेवतात आणि चाळिशीचा मुलगा लहानसहान खरेदीसाठीही त्यांच्या तोंडाकडे पाहतो. मग एखादे आजारपण येते. किल्ली एका रात्रीत मुलाच्या हाती पडते. परंतु कोणत्या शेतकऱ्याची उधारी कोणत्या शब्दावर दिली होती आणि कोणत्या व्यापाऱ्याशी तीन पिढ्यांचे नाते आहे, हे वहीत लिहिलेले नसते. ज्या घरात बाप-लेकांनी चार-पाच वर्षे एकाच गादीवर बसून सौदे केले, तेथे शेतकऱ्याला मालक बदलल्याचे जाणवतही नाही. मुलाची चूक बापाच्या डोळ्यांदेखत होते आणि तेथेच सुधारते.

शाळा-महाविद्यालयांच्या सुट्ट्यांत गावी आलेल्या तरुणांनी अशी एखादी धाव योजावी आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी टेम्पोत बसून वेळ नोंदवावी. हातातले वेळेवर सोडणे आणि वेळेवर धरणे, दोन्ही शिकण्याच्याच गोष्टी आहेत.