छापील कॅनव्हासवर हाताचा रंग : काम चोख हवे, बिलही चोख हवे

माजिवडा नाक्यावरून घोडबंदर रोडला वळले की दोन्ही अंगांना उंच इमारतींच्या रांगा लागतात. नवे घर घेणाऱ्याला भिंतीसाठी चित्र हवे असते. अस्सल तैलचित्र प्रत्येकाच्या खिशाला झेपत नाही आणि नुसता छाप सपाट दिसतो. या दोहोंच्या मधली जागा आमच्या कारागीर बांधवांना मोकळी आहे. कॅनव्हासवर छापलेल्या चित्रावर हाताने रंग चढवून देण्याचे हे काम आहे.

ही कल्पना जुनीच आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या काळच्या छापील चित्रांवर जर, टिकल्या, मणी आणि कापड लावून लोकांनी त्यांना उठाव आणला. असे सजवलेले छाप आज संग्राहक हौसेने विकत घेतात. फोटो स्टुडिओतही काळ्या-पांढऱ्या फोटोवर हाताने रंग भरणारे कारागीर असत. सिनेमाचे फलक रंगवणाऱ्यांचे काम मात्र फ्लेक्सच्या छपाईने हिरावून नेले. मकबूल फिदा हुसेन यांनीही उमेदीच्या काळात मुंबईत असे फलक रंगवले होते. ज्या यंत्राने ब्रशचे काम नेले, त्याच यंत्राच्या छापावर आता ब्रश चालवता येतो.

कामाची रीत नीट समजून घ्यावी. फ्लेक्सवर रंग टिकत नाही. सुती किंवा सुती-पॉलिएस्टर मिश्र कॅनव्हासच घ्यावा. छापताना चारही बाजूंना दोन-दोन इंच कोरी जागा सोडावी, म्हणजे लाकडी चौकटीवर ताणताना चित्र कापले जात नाही. छपाई कोणत्या शाईची आहे हे छापणाऱ्याला आधी विचारावे. पाण्याच्या शाईवर ओला ब्रश फिरवला तर शाई पसरते. म्हणून प्रथम पारदर्शक ॲक्रिलिकचा हलका फवारा मारून छाप पक्का करावा आणि पुरता वाळू द्यावा. मग ॲक्रिलिक जेल मूळ चित्रातील फटकाऱ्यांच्या दिशेने लावावे. ते लावताना दुधाळ दिसते, वाळल्यावर काचेसारखे स्वच्छ होते. शेवटी उजेडाच्या जागा, कपड्यांच्या कडा, दागिने एवढ्याच ठिकाणी रंग द्यावा. सगळे चित्र झाकले तर छापाचा उपयोग काय? ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक धरत नाही. पावसाळ्यात वाळायला वेळ जास्त लागतो, तेव्हा ऑर्डरची तारीख त्या हिशेबाने द्यावी.

आता कायद्याची बाजू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. रविवर्मा १९०६ साली आणि अमृता शेरगिल १९४१ साली वारल्या. त्यांच्या चित्रांची मुदत संपली आहे. हुसेन २०११ साली आणि रझा २०१६ साली गेले. त्यांची चित्रे हक्कदाराच्या परवानगीशिवाय छापता येत नाहीत. आजच्या खुशनवीसांच्या सुलेखनालाही हाच नियम लागतो. वर चार फटकारे मारल्याने चित्र आपले होत नाही. जाणूनबुजून हक्कभंग केल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा बिलाचा. 'हँडमेड पेंटिंग' लिहून असा छाप विकणे म्हणजे ग्राहकाची फसवणूक आहे. कराच्या वर्गवारीतही संपूर्णपणे हाताने काढलेले चित्र आणि छापील चित्र वेगवेगळ्या प्रकरणांत येतात, म्हणून कर किती लावायचा ते सल्लागाराला विचारून ठरवावे. बिलावर 'कॅनव्हास छाप, वर हातकाम' असे साफ लिहावे. चित्राच्या मागच्या बाजूलाही तेच लिहून, मूळ चित्रकाराचे नाव आणि काम केल्याची तारीख घालावी. मूळ चित्रकाराची सही असेल तर तिच्यावर ब्रश फिरवून ती ताजी करू नये. नकली माल ओळखणाऱ्याची नजर प्रथम तेथेच जाते.

खरे सांगितल्याने भाव पडेल, ही भीती आम्हाला पटत नाही. ग्राहक छापाचे पैसे छापाइतकेच देतो. वरचे पैसे हाताच्या कामाचे असतात. ते काम उघडपणे दाखवले, त्याचे तास मोजून दर सांगितला, तर मजुरी मागायला संकोच राहत नाही. घर बदलले तरी तोच ग्राहक पुन्हा येतो आणि शेजाऱ्यालाही घेऊन येतो.