मुस्तफाचा आवाज

कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ साली ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ हा गेम काढला. आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये तो ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखला गेला. निवडायच्या चार पात्रांपैकी मुस्तफा कैरो धावत येऊन उडती लाथ मारायचा आणि जो तो त्यालाच निवडायचा. घरच्या कन्सोलवर हा गेम अधिकृतपणे कधी आलाच नाही. त्यामुळे पार्लर बंद पडल्यावर तो खेळायला उरला एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर.

चाकणच्या अंबेठाण चौकाजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक छोटं दुकान आहे. एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जाणारा एक तरुण तिथे याच गेमसाठी नवा लॅपटॉप घेऊन आला. जुन्या लॅपटॉपवर गेम व्यवस्थित चालत होता. नव्यावर त्याने ‘मेम’ या एम्युलेटरची ताजी आवृत्ती टाकली, गेमची झिप कॉपी केली, आणि गेम सुरूच होईना.

“दादा, फाइल करप्ट झालीय बहुतेक.”

“करप्ट नाही. काय मागतोय ते वाच की आधी.”

पडद्यावर एकच ओळ होती: ‘डीएल-१४२५.बिन’ सापडली नाही. पुढे कंसात ती कुठे कुठे शोधली त्या झिपांची नावं. त्याखाली, आवश्यक फाइल नसल्याने गेम चालवता येत नाही, अशी सूचना. बहुतेक लोक ही ओळ न वाचताच खिडकी बंद करतात आणि गेम पुन्हा डाउनलोड करत बसतात. गेममध्ये काहीच बिघडलेलं नसतं. उणीव असते ती ध्वनीच्या चिपमधल्या प्रोग्रॅमची.

पार्लरमधल्या यंत्राच्या मूळ बोर्डावर आवाजाचं काम ‘क्यूसाऊंड’ नावाच्या यंत्रणेकडे होतं. एकाच वेळी सोळा ध्वनी वाजवायचे, कुठला डावीकडून आणि कुठला उजवीकडून येतोय असं भासवायचं, त्यात प्रतिध्वनी मिसळायचा, हे सगळं डीएल-१४२५ ही चिप करायची. ही एटी अँड टीच्या डीएसपी-१६ए घराण्यातली चिप. तिचा प्रोग्रॅम तिच्या पोटातच कोरलेला असतो, गेमच्या रॉममध्ये नसतो. म्हणून गेमच्या सगळ्या फाइली जागेवर असूनही ही एक राहून जाते.

मग जुन्या लॅपटॉपवर गेम कसा चालत होता? तिथे मेमची जुनी आवृत्ती होती. त्या काळात या चिपचं वागणं बाहेरून पाहून, अंदाजाने उभं केलं होतं. आवाज यायचा, पण तो पार्लरमधला आवाज नव्हता. २०१८ मध्ये सुपरसीटीआर आणि व्हॅली बेल या टोपणनावांनी काम करणाऱ्यांनी चिपच्या खऱ्या प्रोग्रॅमच्या आधारे हे अनुकरण नव्याने लिहिलं. त्यासाठी तो प्रोग्रॅम लागतोच. खरं तर ही सुधारणा आहे; वापरणाऱ्याला ती बिघाड वाटते, एवढंच.

दुकानदाराने कमांड विंडो उघडून गेमच्या नावाआधी ‘व्हेरिफायरॉम्स’ हा पर्याय दिला. गेमचा संच अपुरा आहे आणि एकच फाइल कमी आहे, असं उत्तर आलं. मग ‘लिस्टरॉम्स’ने त्या फाइलचा नेमका आकार आणि चेकसम, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, दाखवला. चाकणच्या कारखान्यांत गाडीच्या ईसीयूमध्ये सॉफ्टवेअर भरताना आवृत्ती आणि चेकसम जुळवून घेणाऱ्यांना यात नवीन काही वाटणार नाही. तो तरुणही लगेच म्हणाला, “म्हणजे पार्ट नंबर जुळवायचा.”

दुसऱ्याच एखाद्या फाइलला डीएल-१४२५ असं नाव देऊन मेमला फसवायचे प्रयोग लोक करतात. चेकसम जुळत नाही, मेम तसा इशारा देतो, आणि चुकून गेम सुरू झाला तरी आवाज भलताच येतो. त्याहून वाईट उपाय म्हणजे हरवलेली फाइल ‘आपोआप दुरुस्त’ करणारी कुठलीशी एक्झी चालवणं. असल्या एक्झीमागे व्हायरस असण्याचीच शक्यता जास्त.

मेमबरोबर ही फाइल येत नाही. तिचे हक्क मूळ कंपन्यांचे आहेत. मेम फक्त तिची ओळख सांगतो. या तरुणाची अडचण मात्र वेगळीच निघाली. त्याच्या जुन्या पेनड्राइव्हवर ‘क्यूसाऊंड’ नावाची झिप पडून होती. या नावाचा कुठलाच गेम नाही म्हणून त्याने ती नव्या लॅपटॉपवर घेतलीच नव्हती. दुकानदाराने ती न उघडता, झिप म्हणूनच, ‘रॉम्स’ फोल्डरमध्ये गेमच्या शेजारी ठेवली. झिपचं नाव पडद्यावरच्या कंसातल्या नावाशी अक्षरन्‌अक्षर जुळतंय ना, तेवढं तपासलं. पुन्हा पडताळणी केल्यावर संच ‘गुड’ ठरला आणि गेम आवाजासकट सुरू झाला. निओ-जिओ या दुसऱ्या आर्केड यंत्रणेच्या गेमांनाही हीच पद्धत लागते. तिथे ‘निओजिओ’च्या झिपमध्ये ‘एसएम१’ नावाची ध्वनीची फाइल असावी लागते.

हे सगळं शक्य होतं ते चिप वाचली गेली म्हणूनच. अशा कित्येक चिपा बाहेरून वाचताच येत नाहीत. आवरण आम्लाने विरघळवून, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढून त्यातले बिट वाचावे लागतात. मुस्तफाच्या नकली बोर्डांची गोष्ट तर अजून अवघड. मेमच्या यादीत ‘डायनोपिक’ नावाने अशी बोर्डं आहेत. त्यांत आवाज सांभाळतो एक पिक मायक्रोकंट्रोलर. त्यातला प्रोग्रॅम कुलूपबंद असल्याने यातली काही बोर्डं मेममध्ये वर्षानुवर्षं मुकीच राहिली. अस्सल बोर्डांनाही मुदत आहे. त्यांच्यावरच्या ‘काबुकी’ प्रोसेसरची किल्ली बॅटरीवर टिकून असते. बॅटरी संपली की ध्वनीचा प्रोग्रॅम उलगडता येत नाही.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, राजगुरुनगर भागात कुणाच्या माळ्यावर किंवा बंद गाळ्यात पार्लरचं जुनं यंत्र पडून असेल, तर त्यातलं बोर्ड भंगारात किलोवर घालू नका. अस्सल असो वा नकली, आधी त्याचे दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढा, चिपांवरचे नंबर उतरवून घ्या, आणि ते जुनी बोर्डं जतन करणाऱ्या एखाद्या जाणकाराला दाखवा.