खळ्यावरचा राजा

धान मळून झालं की खळं मोकळं पडतं. मध्य प्रदेशाच्या शिवेलगतच्या बपेऱ्यासारख्या गावात, तुमसर तालुक्याच्या या धानपट्ट्यात, ही चोपून, शेणानं सारवून टणक केलेली जागा घराच्या आसपासच असते. आता तर मळणीही यंत्रावर होते, खळ्याला तेवढंही काम उरलेलं नाही. बुद्धिबळाचा माणसाएवढा पट मांडायला याहून चांगली भुई शोधून मिळणार नाही. वेगळी फरशी कशाला? एक घर शेणाचं, एक चुन्याचं.

मापं मात्र अंदाजानं धरू नयेत. जागतिक संघटना 'फिडे' स्पर्धेसाठी राजा ९.५ सेंटिमीटरचा, वजीर ८.५, उंट ७, घोडा ६, हत्ती ५.५ आणि प्यादं ५ सेंटिमीटरचं सुचवते. घराची बाजू ५ ते ६. सगळं दहापट करा. राजा ९५ सेंटिमीटरचा होतो, घर ६० चं धरलं तर पट ४.८० मीटरचा. काटकोनासाठी गवंड्याची ३-४-५ ची दोरी आहेच. शेवटी दोन्ही कर्ण ६.७९ मीटर भरले की चौकोन खरा. प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर आलं पाहिजे. मोठ्या पटावर हीच चूक सगळ्यात आधी होते आणि चुना वाळल्यावर ध्यानात येते.

खरी अडचण वजनाची. दहापट मोठं म्हणजे दहापट जड, असं वाटतं. पण लांबी, रुंदी, उंची तिन्ही वाढल्यामुळं आकारमान हजारपट होतं. टेबलावरचा लाकडी राजा ५० ग्रॅमचा धरला, तर खळ्यावरचा भरीव राजा ५० किलोचा! शह लागल्यावर पळवायचा कसा? म्हणून मोहरी पोकळच हवीत. बाजारात मिळणारी प्लास्टिकची मोठी मोहरीही पोकळ असतात. मी इथं बुरुडाकडं जाईन. उलटी टोपली, वर वाळका भोपळा, की प्यादं तयार, अशी सोळा. बुडाशी ओल्या वाळूची पिशवी ठेवली की वाऱ्यानं पडत नाही. फक्त बांबूला उधळी लागू नये म्हणून बुडं भुईपासून उचलून ठेवावी लागतील.

घोडा टोपलीतून निघत नाही. टेबलावरच्या नेहमीच्या मोहऱ्यांची घडण, जिला स्टाँटन म्हणतात, १८४९ साली इंग्लंडात नोंदली गेली. त्या संचातही कारागिराचा जास्तीत जास्त वेळ घोडाच खातो. पण विदर्भातल्या सुताराला तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घडवायची सवय आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चाकांचे बैल ओढत दारोदार फिरतात; हा सण नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सुरू केला, असं परंपरा सांगते. शिंगांऐवजी आयाळ कोरली की घोडा झाला. चाकांमुळं वजनाचा प्रश्नही सुटतो. उडी मारणारं एकमेव मोहरं तेवढं वळसे घालत जाईल, इतकंच.

माणसाच्या मापाच्या पटाची हौस जुनीच. फत्तेपूर सिक्रीच्या अंगणात अकबराचा दगडी पचिसीचा पट आहे. सोंगट्यांच्या जागी दासी उभ्या करत, असं सांगतात. इटलीतल्या मारोस्टिकात चौकात जिवंत माणसांचा डाव रंगतो; पहिला १९२३ साली झाला. तिथले घोडे खरे असतात.

खेळणाऱ्याला मात्र वेगळंच काही जाणवेल. टेबलावर डाव वरून दिसतो. इथं पटाच्या कडेला उभ्या दहा वर्षांच्या पोराला राजा छातीशी येतो, मागची प्यादी पुढच्या हत्तीआड जातात. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झालेल्या नागपूरच्या दिव्या देशमुखलाही, मला वाटतं, इथं आधी ओट्यावर चढावं लागेल. म्हणून राखणीचा माळा पटाशेजारी हवाच: एकानं वर बसून चाल सांगायची, दुसऱ्यानं खाली मोहरं उचलायचं.

मृगाआधी मोहरी आत घ्यायची. पट पावसाबरोबर जातो. पुढल्या सुगीला पुन्हा सारवायचा.