लोकप्रियतेचा कौल आणि खेळाचा कस

खेळाडू लोकांना प्रिय असतो, ही गोष्ट नवी नाही. खडकीत वाढलेला धनराज पिल्ले चार ऑलिंपिक स्पर्धा खेळला. त्याच्या नेतृत्वाखाली भारताने १९९८ साली बँकॉक येथे आशियाई सुवर्णपदक जिंकले. लोकांनी त्याच्यावर उदंड प्रेम केले. पण ते मोजण्याचे माप कोणापाशी नव्हते. आज इंटरनेटने ते माप पुरविले आहे. हैदराबादहून सुमारे ३०० किलोमीटर दूर असलेल्या आदिलाबादच्या मराठी घरातील मुलगीही आता मोबाईलवर सामना पाहू शकते आणि आवडत्या खेळाडूस मत देऊ शकते.

या मतांचे बळ राणी रामपाल हिच्या उदाहरणावरून दिसून येते. हरियाणातील शाहाबाद गावच्या एका गाडीवाल्याची ही मुलगी. 'वर्ल्ड गेम्स' भरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ च्या सर्वोत्तम क्रीडापटूसाठी इंटरनेटवर वीस दिवस मतदान घेतले. एकूण ७,०५,६१० मतांपैकी १,९९,४७७ मते राणीला मिळाली. हा मान मिळविणारी ती पहिलीच हॉकीपटू होय. पुढे २०२१ चा हाच मान गोलरक्षक श्रीजेश याने १,२७,६४७ मतांनी मिळविला.

परंतु प्रेमाचा कौल म्हणजे गुणांची परीक्षा नव्हे. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे सुवर्णपदक बेल्जियमने व महिलांचे नेदरलँड्सने जिंकले. भारताच्या पुरुषांना कांस्यपदक मिळाले, महिला चौथ्या आल्या. तरीही आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाची त्या वर्षीची आठही वैयक्तिक पारितोषिके भारताकडे आली! मतदानाची ही पद्धतच सदोष आहे, अशी जाहीर नाराजी बेल्जियमने व्यक्त केली. या मतदानात निम्मा वाटा राष्ट्रीय संघटनांचा, पाव वाटा चाहते व खेळाडूंचा आणि पाव वाटा वृत्तपत्रकारांचा होता. पुढील वर्षी महासंघाने तज्ज्ञांचे मंडळ नेमून त्याला ४० टक्के वाटा दिला व चाहत्यांचा वाटा २० टक्क्यांवर आणला.

हा बदल योग्यच म्हटला पाहिजे. चाहता मत देतो तो आपल्या माणसाला. परक्या संघाचे सामने त्याने पाहिलेले असतातच असे नाही. शिवाय सव्वा कोटीहूनही कमी वस्तीच्या बेल्जियमने भारताच्या जनसंख्येशी मतांची बरोबरी करावी तरी कशी?

म्हणून या मतांना तुच्छ लेखण्याचे कारण नाही. एके काळी दुर्लक्षिलेल्या महिला हॉकीकडे लाखो लोकांचे लक्ष वळले, हा लाभ लहान नव्हे. मात्र मत द्यायला क्षण पुरतो, खेळाडू घडायला वर्षे लागतात. राणी वयाच्या १५ व्या वर्षी २०१० च्या विश्वचषकात खेळली, ती शाहाबादचे मैदान आणि प्रशिक्षक बलदेव सिंग यांची कडक शिस्त लाभली म्हणून. आदिलाबादच्या त्या मुलीला उद्या स्वतः खेळावेसे वाटले, तर तिला मतांची नव्हे, मैदानाची आणि गुरूची गरज पडेल. तेवढी सोय ज्या समाजाने केली, त्याचेच खेळाडूवरील प्रेम खरे मानावे.